ॲव्होकाडोची जात पानाच्या टोकावरून ठरवू नका

पौडजवळच्या शेतावर नर्सरीतून 'थंडी सोसणारं हास' (हास ही ॲव्होकाडोची एक जात) म्हणून आणलेलं झाड, डिसेंबरपासून करपलेली पानांची टोकं, आणि "हे हास नाहीच, काढून टाका" असं सांगणारे शेजारी. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. कृपया झाडाला हात लावू नका.



भोरकडच्या आमच्या तीन झाडांवर असाच वाद झाला होता. एका सरकारी कचेरीत पानं दिली. तिथे ती पाकिटात कितीतरी आठवडे पडून सुकली, मग कुणीतरी चुरगळून पाहिली आणि लेखी दिलं: बडीशेपेचा वास नाही, म्हणून वेस्ट इंडियन वंश, थंडीला टिकणार नाही. झाड बघायला कुणी फिरकलं नाही. त्या कागदाच्या भरवशावर थोरल्या काकांनी दोन झाडं तोडली. तिसरं आजही उभं आहे, आणि त्याचं ताजं पान चुरगळलं की हाताला लख्ख बडीशेप येते! आठवडेच्या आठवडे पडून सुकलेल्या पानातला वास मंदावू शकतो, एवढं त्या माणसाला कळायला हवं होतं. आजही संताप होतो.

तो वासही झाडात मेक्सिकन वंशाचं रक्त आहे एवढंच सांगतो, जात नाही. जात ओळखायला मोहोर बघा. हासचं फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी म्हणून उघडतं, मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर म्हणून उघडतं. फुएर्ते या दुसऱ्या जातीचं उलट: दुपारी मादी, दुसऱ्या दिवशी सकाळी नर. मादी फुलात पुंकेसर आडवे पसरलेले असतात आणि मधोमध पांढरं टोक एकटं उभं दिसतं. नर फुलात पुंकेसर ताठ उभे, बोट लावलं तर पिवळे पराग चिकटतात. मात्र गारठ्यात या वेळा पुढेमागे सरकतात, म्हणून ऊबदार दिवस धरून ओळीने काही दिवस बघा. यातूनही फूल उघडण्याच्या वेळेचा गटच कळतो, नेमकी जात नाही. पक्कं फळावरच होतं: हासची साल जाड, खडबडीत, पिकल्यावर काळी पडते, फुएर्ते गुळगुळीत आणि पिकूनही हिरवंच.

आणि 'थंडी सोसणारं हास' ही जाहिरातच मला खटकते. कॅलिफोर्नियात १९१३ च्या गोठवणाऱ्या थंडीत तगलं ते फुएर्ते. हास त्या मानाने नाजूक. पण पुण्याकडच्या आठ-दहा अंशांत तेही मरत नाही, म्हणजे तुमच्याकडची थंडी जात ओळखायची कसोटीच नव्हे. थंडी लागली तर आधी कोवळी पालवी काळवंडते. जुन्या पानांची फक्त टोकं आणि कडा तपकिरी होत असतील तर मला बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा संशय येतो. ॲव्होकाडोला त्या क्षारांतलं क्लोराइड अजिबात सोसत नाही. पाणी तपासून घ्या. पावसाळ्यात नवी पालवी स्वच्छ येत असेल तर तो संशय आणखी बळावतो.

मी शेतीतज्ज्ञ नाही, घरच्या झाडांवरून आणि वाचून जमलेलं सांगतोय. पण एक ठाम मत आहे: जो झाडाखाली येऊन उभा राहत नाही, त्याच्या सांगण्यावरून झाड तोडू नये. मोहोर आला की एकाच फांदीचे सकाळी दहाचे आणि दुपारी तीनचे जवळून काढलेले फोटो टाका, मी नक्की बघेन.