छोट्या गेमिंग पॉप-अपमध्ये, म्हणजे गेमिंग स्पर्धेतल्या तात्पुरत्या स्टॉलवर, टी-शर्ट, पिन, स्टिकर विकायचे आहेत. पेमेंटसाठी फक्त क्यूआर पुरेल का?

पुरणार नाही. कार्ड मशीन घ्यायचं की नाही हे तुमच्या गिऱ्हाइकांवर ठरवा, पण पैसे घेण्याचे किमान दोन मार्ग हवेत, आणि दोन्ही एकाच नेटच्या भरवशावर नकोत.

कारण इथलं गिऱ्हाईक दिवसभर थोडं थोडं येत नाही. मॅच चालू असताना तुमच्या टेबलाकडे कोणी ढुंकून बघत नाही. राउंड संपला की सगळे एकदम येतात आणि पुढचा राउंड लागायच्या आत त्यांना परत जायचं असतं. नेमकं तेव्हाच जो तो फोनवर क्लिप टाकत असतो, त्यामुळे मोबाईल नेट रेंगाळतं. शिवाय ब्लूटूथ कंट्रोलर, हेडफोन, बरंचसं वायफाय, सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच रेडिओ पट्ट्यात गर्दी करतं. ब्लूटूथने फोनला जोडलेलं छोटं कार्ड रीडरही तिथेच धडपडतं! रीडर केबलने जोडता येत असेल तर केबलच लावा, हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या. हॉलचं फुकट वायफाय मी तरी पैशाच्या कामाला धरत नाही.

काही मशीनमध्ये ऑफलाइन सोय असते. नेट नसताना व्यवहार साठवायचा, नेट आलं की पुढे पाठवायचा. पण तोवर बँकेने होकार दिलेला नसतो. नंतर कार्ड नाकारलं गेलं तर नुकसान बहुधा विक्रेत्याचंच. थोडक्यात, अनोळखी माणसाला उधारी. स्टिकरला ठीक, हूडीला नको.

क्यूआर लावाल तो शक्यतो रक्कम आधीच भरलेला दाखवा, म्हणजे गिऱ्हाइकाला आकडा टाइप करायला लागत नाही आणि शून्य कमी-जास्त होत नाही. छापील क्यूआरवर कोणी दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, हे अधूनमधून बघा. आणि 'पैसे गेले' असा समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीन म्हणजे पुरावा नव्हे. तुमच्या फोनवर नोंद आली की मगच वस्तू द्या.

किमती गोल आकड्यात ठेवा, मोठ्या अक्षरात लावा. रोख घेणार असाल तर सुट्टे पैसे घरूनच न्या. खरा वेळ खातात ते टी-शर्ट: साइज विचारा, उलगडा, परत घडी घाला. प्रत्येक साइजचा एक नमुना टांगून ठेवलात तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. गर्दीच्या वेळी एक जण पैशाला, एक जण मालाला. एकटे असाल तर वस्तूंचे प्रकार कमी करा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. डिझाइन तुमचं स्वतःचं आहे ना? गेममधलं पात्र किंवा लोगो छापून विकायला हक्कधारकाची परवानगी लागते. काही कंपन्या चाहत्यांनी बनवलेल्या वस्तूंसाठी नियम जाहीर करतात, ते छपाईआधी वाचा. आयोजक विक्रीवर कमिशन घेणार का, तेही आधीच लेखी विचारून ठेवा.