ब्लॉग वाढले आणि सर्व्हर लटकतोय. मोठा सर्व्हर घ्यावा की दुसरा जोडावा?

तुम्ही लिहिलंय की ब्लॉगांची संख्या वर्षभरात दुप्पट झाली, रात्री आठनंतर पानं उघडायला वीस-वीस सेकंद लागतात, आणि भागीदार म्हणतोय की दुप्पट रॅमचा सर्व्हर घेऊन टाकू. ते शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी नाहीच.

२००९ साली पुण्यात मी आणि एक मित्र मिळून मराठी ब्लॉगांना जागा द्यायचो. सर्व्हर एकच. पानं पाठवणारं अपाची, ती तयार करणारं पीएचपी, मजकूर साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल, सगळं त्याच्यावरच. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या एका पानावर झुंबड उडाली आणि सगळेच ब्लॉग अडकले. मित्र म्हणाला, मशीन लहान पडतंय. मी म्हणत होतो, आधी ते कशात अडकलंय ते तरी बघू. पैसे त्याचे जास्त होते, त्यामुळे निर्णयही त्याचाच झाला. दुप्पट कोअर, दुप्पट रॅम, आणि भाडंही जवळजवळ दुप्पट.

मग अनारशांचे दिवस आले. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, पुढे पीठ मुरवायला आणखी दिवस जातात, म्हणून ही गर्दी दिवाळीच्या आधीच येते. आमच्याकडे पाककृती लिहिणाऱ्या एका काकूंचा रात्री नऊला फोन आला. "अरे, माझ्या बहिणीने तांदूळ कुटून ठेवलेत. गूळ किती घालायचा तेवढंच बघायचंय तिला, तर पान उघडत नाहीये. ओलसर पीठ आहे, किती वेळ तसंच ठेवणार ती?"

लॉग-इन केलं. सीपीयू जेमतेम दहा टक्के, रॅम अर्धी रिकामी. इतकं मोठं मशीन निवांत बसलेलं, आणि एक पान उघडत नव्हतं. डेटाबेसमध्ये त्या क्षणी काय काय चाललंय ते दाखवणारी 'शो फुल प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा चालवली तर तीनेकशे ओळी, आणि बहुतेकांपुढे एकच शब्द, 'लॉक्ड'. सगळ्यांच्या वर एक शोध चालू होता, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह असलेला 'लाइक', म्हणजे शब्द मजकुरात कुठेही असला तरी शोध. असा शोध इंडेक्स, म्हणजे टेबलाची सूची, वापरू शकत नाही, अख्खं टेबल चाळतो. त्याच्यामागे उभी होती वाचनसंख्या एकाने वाढवणारी 'अपडेट'. आमची टेबलं मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या साठवणपद्धतीची. तिथे लिहिताना पूर्ण टेबलाला कुलूप लागतं, आणि लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यांच्या आधी नंबर मिळतो. म्हणजे शोध संपेपर्यंत 'अपडेट' थांबणार, आणि 'अपडेट' थांबली आहे तोवर तिच्यामागून आलेला प्रत्येक वाचक थांबणार, मग त्याला अनारसे हवे असोत की कविता. अडकलेला प्रत्येक वाचक अपाचीची एक प्रोसेस धरून बसतो. त्या मोजक्याच असतात, संपल्या की नवीन माणसाला दारही उघडत नाही. यात दुप्पट रॅमने काय होणार होतं?

मी वाचनसंख्येची ती एक ओळ बंद केली, शोधाची खिडकी काढली, अडकलेल्या क्वेरी मारल्या. अर्ध्या मिनिटात पानं उघडायला लागली. काकूंना फोन करून सांगितलं, बहिणीला बघायला सांगा.

दुसऱ्या दिवशी मित्राचं वेगळंच. "लेखकाला आकडा हलताना दिसला पाहिजे, नाहीतर तो दुसरीकडे जाईल." या एका वाक्यावर आम्ही पुढचे सहा महिने भांडलो, आणि मी आजही सांगतो, तो चुकत होता. लेखकाला वाचक हवे असतात. पान उघडत नसेल तर मोजायला कोण येणार? शिवाय आकडा पानावर छापला की प्रत्येक वेळी पान वेगळं होतं, म्हणजे त्याची तयार प्रत तुम्ही कॅशमध्ये ठेवूच शकत नाही. ब्लॉग वाचणारे बहुतेक लोक लॉग-इन न करता येतात, हजार जणांना तंतोतंत तेच पान जातं. तयार एचटीएमएल नुसतं एक मिनिट एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॅशमध्ये ठेवलं तरी त्या मिनिटात पीएचपी आणि डेटाबेस त्या पानासाठी एकदाच चालतात. हे सगळं एका आकड्यासाठी घालवायचं? आम्ही शेवटी मोजणी मेमकॅशडीत नेली, ते सगळं रॅममध्येच ठेवतं, आणि ठरलेल्या वेळी काम चालवणाऱ्या क्रॉनने ती दर पाच मिनिटांनी एकदम टेबलात लिहिली. मेमकॅशडी रीस्टार्ट झालं तर पाच मिनिटांची मोजणी बुडते. बुडू दे. एकाही लेखकाने त्याबद्दल तक्रार केली नाही.

आता दुसऱ्या सर्व्हरबद्दल. ब्रॅड फिट्झपॅट्रिकने १९९९ मध्ये लाइव्हजर्नल ही ब्लॉगची साइट सुरू केली, तेही एका सर्व्हरपासूनच. वाढत गेलं तसे त्यांनी डेटाबेसचे रेप्लिका, म्हणजे हुबेहूब प्रती ठेवणारे सर्व्हर, जोडले. पण मूळ सर्व्हरवर जे जे लिहिलं जातं ते प्रत्येक रेप्लिकाला पुन्हा लिहावं लागतं. वाचन वाटलं जातं, लेखन वाटलं जात नाही. एका टप्प्यानंतर नवीन मशीनही लिहिण्यातच दमतं. म्हणून त्यांनी वापरकर्तेच गटांत वाटले, प्रत्येक गटाचा डेटाबेस वेगळा. मेमकॅशडीसुद्धा २००३ मध्ये त्याच गरजेतून त्यांच्याकडेच जन्मलं. ब्लॉग होस्टिंगला ही वाटणी सोपी जाते, कारण एका ब्लॉगच्या नोंदींचा दुसऱ्या ब्लॉगशी फारसा संबंध नसतो. तुम्हाला आज त्याची गरज असेल असं मला वाटत नाही. पण प्रत्येक टेबलात ब्लॉगचा क्रमांक आहे आणि तो इंडेक्समध्ये आहे, एवढं आत्ताच बघून ठेवा.

पानं दाबून लहान करून पाठवणारं जीझिप चालू आहे ना? देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आपली पानं त्यामुळे फुगतात.

एक सांगायला हवं. मायएसक्यूएल ५.५ पासून मायआयसॅमऐवजी इनोडीबी ही साठवणपद्धत डीफॉल्ट आहे. तुमची टेबलं इनोडीबी असतील तर कुलूप ओळीपुरतं लागतं, आमच्यासारखी अख्खी रांग अडणार नाही. पण एकाच गाजलेल्या लेखाची वाचनसंख्या शंभर जण एकदम वाढवायला गेले तर त्या एका ओळीवर तेच होतं. आणि सर्व्हर सतत स्वॅप करत असेल, म्हणजे रॅम पुरत नाही म्हणून डिस्क वापरत असेल, किंवा अजून फिरत्या डिस्कवर असेल, तर रॅम आणि एसएसडी जरूर घ्या. तिथे तुमचा भागीदार बरोबर आहे.

आज रात्री आठ ते साडेआठ दर पाच सेकंदांनी प्रोसेसलिस्ट एका फाइलमध्ये साठवा, रेंगाळणाऱ्या क्वेरींची नोंद ठेवणारा स्लो क्वेरी लॉग चालू करा, आणि हे दोन्ही तुमच्या प्रश्नाला जोडा. पानावर वाचनसंख्या छापत असाल तर ती आठच्या आत काढा.