इस्रायलमध्ये होलोकॉस्टमधून वाचलेल्या वृद्धांसाठी काम करायला येताय, तर

शालोम ताई. ठाण्यात एमएसडब्ल्यू, ज्येष्ठांच्या केंद्रात सहा वर्षं काम, अलीयाला, म्हणजे ज्यू म्हणून इस्रायलमध्ये स्थायिक व्हायला, मंजुरी, आणि आता इथे नाझी छळातून वाचलेल्या वृद्धांसाठीचा एखादा कार्यक्रम चालवायचाय. तयारी काय करू, असं तुम्ही विचारलंय. पहिली दोनेक वर्षं प्रमुखपद डोक्यातून काढा. नगरपालिकेच्या समाजकल्याण कार्यालयात, म्हणजे इथल्या बोलीत ‘लिश्का’त, घरोघरी फिरणारी कार्यकर्ती म्हणून काम करा. घरं पाहिल्याशिवाय हे कार्यक्रम चालवता येत नाहीत.

कागदपत्रांचं तिकडूनच उरका. 1996 च्या कायद्यानुसार इथे सरकारी नोंदवहीत नाव असल्याशिवाय समाजकार्यकर्ती म्हणून काम करता येत नाही. पदवी आणि गुणपत्रिका सगळेच आणतात. अडतं ते फील्डवर्कच्या तासांवर, कारण आपल्या गुणपत्रिकेत फक्त गुण असतात. कोणत्या संस्थेत, कोणत्या वर्षी, किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून घ्या. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रमही घ्या आणि पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का, करून घ्या. इथून ईमेलवर हे मिळवायचं म्हटलं तर महिने जातात.

उल्पानच्या, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीच्या हिब्रू वर्गाच्या, पाच महिन्यांत बाजारहाट आणि बँकेपुरती हिब्रू येते. बितुआख लेउमीला, म्हणजे राष्ट्रीय विमा संस्थेला, पाठवायचा अहवाल लिहिण्याइतकी येत नाही, त्यामुळे पुढचा वर्ग चुकवू नका. शिवाय ज्यांच्यासाठी काम करायचं त्यातल्या अनेकांची मूळ भाषा हिब्रू नाहीच. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघातून आलेल्यांची रशियन आहे. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते; हिब्रू पुसली जाते आणि पोलिश, रुमानियन, हंगेरियन, यिद्दिश वर येते. दुखतंय, थंडी वाजतेय, भूक लागलीय, मी परत येणार आहे, एवढं तरी रशियनमध्ये म्हणता आलं पाहिजे.

आता माणसं. वाचलेल्यांना भरपाई मिळवून देणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेच्या जानेवारी 2024 च्या अहवालानुसार जगात सुमारे 2,45,000 वाचलेले लोक उरले होते, त्यातले जवळपास निम्मे इस्रायलमध्ये, आणि मध्यक वय 86. म्हणजे बहुतेक जण तेव्हा लहान मुलं होती. छळछावणीत न जाता तळघरात किंवा परक्या घरात, खोट्या नावाने, ‘रडायचं नाही’ या धाकात वाढलेली कित्येक. कोणी लेनिनग्राडच्या वेढ्यातले, जिथे 1941 च्या हिवाळ्यात कामगार नसलेल्यांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळे. कोणी लिबियातल्या जादो छावणीतले. म्हणून पहिल्या भेटीत ‘तुम्ही कोणत्या छावणीत होता?’ हा प्रश्न नको. औषधं, जिना, फ्रीज, शेजारी यांबद्दल बोला. भूतकाळ त्यांना सांगायचा असेल तेव्हा ते सांगतील, आणि सांगायचा नसेल तर तोही त्यांचा हक्क आहे.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आंघोळीला. अनोळखी माणसासमोर कपडे उतरवणं, छतातून पडणारं पाणी, बाहेरून बंद झालेलं दार, एवढं एकत्र आलं की काहींची भीती जिवंत होते, आणि मेतापेलेतला, म्हणजे काळजी घेणाऱ्या बाईला, वाटतं म्हातारी हट्ट करतेय. तिला शिकवायचं ते असं: बाथरूम आधी गरम करा, वरचा शॉवर बंद ठेवून हातातला वापरा, पाणी आधी त्यांच्याच हातावर घेऊ द्या. खांद्यावर टॉवेल राहू द्या, सुरुवात पायांपासून करा, पुढची प्रत्येक कृती करण्याआधी सांगा, दार किंचित उघडं ठेवा. नाही म्हणाले तर ओल्या कपड्याने अंग पुसून घ्या आणि उद्या विचारा. दोघींनी धरून आंघोळ घालणं कधीच नाही.

पावाचंही तसंच. उशीखाली, कपाटात, पिशवीत सुकलेले तुकडे सापडतील. स्वच्छतेच्या नावाखाली ते न विचारता फेकले तर महिन्यांचा विश्वास एका दिवसात जातो. झाकणाचा डबा द्या, ताजा पाव आणा आणि बुरशी आलेला त्यांच्याच हाताने बदलू द्या. रुग्णालयात मनगटावरचा नंबरचा पट्टा, नाव पुकारणं, शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवणं, रात्री टॉर्च घेऊन येणारी नर्स, याची सूचना वॉर्डला आधीच लेखी द्या.

सायरनची तयारी वर्षभर लागते. योम हाशोआला, म्हणजे होलोकॉस्ट स्मृतिदिनाला, सकाळी 10 वाजता दोन मिनिटं एकसुरी भोंगा वाजतो. क्षेपणास्त्राचा इशारा चढउताराचा असतो. हा फरक आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करून सांगा. 1991 च्या आखाती युद्धाच्या सुमारास गॅस मास्क वाटले गेले, तेव्हा यातल्या अनेकांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. अश्दोद शहरात इशाऱ्यानंतर निवाऱ्यात पोचायला 45 सेकंद मिळतात आणि जुन्या इमारतींच्या घरांत सुरक्षित खोली नसते. तिसऱ्या मजल्यावरच्या नव्वदीच्या माणसाला खाली पळा सांगण्यात अर्थ नाही. आतली, खिडकी नसलेली जागा आधीच ठरवून तिथे खुर्ची आणि पाणी ठेवा. योम हाशोआच्या आठवड्यात शाळा आणि पत्रकार दारात उभे असतात, पुढच्या आठवड्यात कोणी नसतं. तुमचे फोन आणि भेटी त्या पुढच्या आठवड्यात वाढवा.

स्वयंसेवक वर्षभराची हमी देत असेल तरच घ्या. दोन महिन्यांत गायब होणारा मुलगा न आलेलाच बरा, कारण लहानपणी आईवडील ‘लगेच येतो’ म्हणून गेले ते आलेच नाहीत, अशी ही माणसं आहेत.

हक्कांची कामं म्हणजे अर्धा उपचार समजा. भरपाई 1957 च्या कायद्याखाली मिळते की 2007 च्या, हे देशात कधी आले आणि युद्धात कुठे होते यावर ठरतं. ऑक्टोबर 1953 च्या आधी आले की नंतर, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. एका ठिकाणचं पेन्शन घेतलं की दुसरीकडची पात्रता बदलू शकते, म्हणून सही करण्याआधी तपासा. प्रत्येक कार्यालयात तीच हकिगत नव्याने सांगायला लावणं क्रूर आहे. संमतीने एकदा नीट लिहून घ्या आणि तीच वापरा.

आपण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आपल्या घरात हा इतिहास नाही. वृद्ध विचारतील, साधं खरं सांगा, ‘आमचे लोक कोकणात होते, आमच्यावर हे गुदरलं नाही.’ समजल्याचा आव आणू नका, एवढंच ते बघतात. घरात राहून काम करणाऱ्या मेतापेलेतांमध्ये केरळच्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याशी इंग्रजीत मोकळं बोलून वरची आंघोळीसारखी कामं शिकवणारी अधिकारी सहसा मिळत नाही. अर्जात हे ठळक लिहा.

वय पाहता या क्षेत्रात फार तर दहा-पंधरा वर्षं उरलीत. पण इथे शिकलेलं इतर आघातग्रस्त वृद्धांसोबतही लागू पडतं, तेव्हा त्या भीतीने मागे फिरू नका. दर काही आठवड्यांनी एकाच्या अंत्यविधीला जावं लागेल. म्हणून मुलाखतीत तीन प्रश्न तुम्ही विचारा: आठवड्याला एक तास हद्राखा, म्हणजे अनुभवी सहकाऱ्याचं मार्गदर्शन, पगारी वेळेत मिळतं का, एका कार्यकर्तीकडे किती घरं असतात, आणि मृत्यूनंतर शिवाला, म्हणजे घरच्यांच्या सात दिवसांच्या सुतकात भेटायला, जायला वेळ धरलेला असतो का. पहिल्याचं उत्तर नाही आलं, तर दुसरी जागा शोधा.