दम पाच वर्षांचा, समरीत लिहिलं हार्ट

इंदूरच्या सुदामानगरातून एकानं विचारलंय. वडील ६४ वर्षांचे, जुने सिगारेटवाले, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार), इनहेलर चालू, आणि दोन वर्षांपूर्वी आरोग्य विम्याची पॉलिसी घेताना हे सगळं सांगितलेलं. दम लागला म्हणून ॲडमिट केलं तर निघाला हार्ट अटॅक, दोन स्टेंट. आता कंपनी म्हणते हार्टचा आजार लपवला, क्लेम नामंजूर. असे कागद माझ्या टेबलावर सारखे येतात.

दादा, आम्हालाच माहीत नव्हतं हे तुम्ही चार वेळा लिहिलंय, पटलं. पण डिस्चार्ज समरीतली ती ओळ वाचलीत का, 'सीओपीडी व हार्ट पेशंट, ५ वर्षं'? बहुतेक रात्री इमर्जन्सीत कुणीतरी विचारलं असेल त्रास कधीपासून, घरच्यांनी सांगितलं पाच वर्षांपासून दम लागतो, आणि त्यानं दोन्ही एकाच ओळीत टाकून दिलं. कंपनीकडं तुमच्याविरुद्ध एवढंच आहे.

आता पॉलिसीतली प्री-एक्झिस्टिंगची, म्हणजे आधीपासूनच्या आजाराची, व्याख्या काढा. पॉलिसी सुरू व्हायच्या आधीच्या ३६ महिन्यांत (जुन्या पॉलिसीत ४८) डॉक्टरनं ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार दिले, तो आजार. शरीरात आधीपासून होता का, हे तिथं कुणी विचारलेलंच नाही, ब्लॉकेज कितीही जुना असो. सीओपीडीवाल्यांचं हार्ट असंच लपून राहतं, दम दोन्हीत लागतो, सिगारेट दोन्हीच्या मुळाशी, फुगलेल्या फुफ्फुसांमुळं इकोतही (हार्टच्या सोनोग्राफीत) चित्र धड येत नाही, मग सगळा दम फुफ्फुसांच्या खात्यावर जमा. हेच तुमच्या चेस्टवाल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर घ्या, पॉलिसीआधी हार्टचं निदान नव्हतं या वाक्यासकट. हॉस्पिटलकडं रेकॉर्डसाठी लेखी अर्ज करा, ७२ तासांत द्यायचा नियम आहे, आणि ती ओळ दुरुस्त करून मागा.

जुन्या चिठ्ठ्यांत ॲस्पिरिन किंवा स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) असेल तर मला आधीच सांगा, कंपनी त्याला हार्टचं औषध म्हणेल. तेवढ्यानं केस जाते असं नाही, मनमोहन नंदांचा क्लेम स्टॅटिन लपवल्याच्या मुद्द्यावरच नाकारला होता आणि सुप्रीम कोर्टानं निकाल त्यांच्या बाजूनं दिला, फक्त अटॅक २००९ चा आणि निकाल डिसेंबर २०२१ चा, एवढी वर्षं गेली. सीओपीडीमुळंच हार्ट झालं, म्हणून वेटिंग पीरियड (आधीच्या आजाराला क्लेम न मिळण्याची सुरुवातीची मुदत) लागू, असा डावही कंपनी टाकू शकते, त्यावर पूर्ण पॉलिसी बघितल्याशिवाय बोलत नाही. पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्मची कॉपी मागवा, एजंटनं भरला आणि तुम्ही न वाचता सही केली म्हणता, कमाल आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे रिजेक्शन लेटरला दहा महिने झाले आणि तुम्ही नुसते एजंटला फोन लावत बसलात. फोनला कागदाची किंमत नसते. आजच कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला लेखी तक्रार टाका. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पुन्हा नकार आला तर भोपाळच्या विमा लोकपालाकडं जा, फी नाही, वकीलही चालत नाही. मुदत एक वर्ष. ती तक्रारीवरच्या नकारापासून मोजतात, पण तुम्ही पहिल्या लेटरपासूनच धरून चाला, उगाच वाद नको. ग्राहक आयोगाला दोन वर्षं आहेत, पण तिथं कशा तारखांवर तारखा पडतात ते मला माहीत आहे. दोन्हीकडं एकदम जाऊ नका, आयोगात केस असली की लोकपाल घेत नाही.

रिजेक्शन लेटरचा लिफाफा असेल तर जपून ठेवा, शिक्क्यावरची तारीख लागेल.