शनिवारी तो ‘नको’ म्हणतो तेव्हा

‘‘आम्ही वर्षभर फिरतीवरच असतो, तरीही शनिवारी सकाळी मी ‘चल, कुठेतरी जाऊन येऊ’ म्हटलं की याचा चेहरा उतरतो. मॅडम, याला माझ्याबरोबर जाणंच नकोसं झालंय का?’’ सोलापुरातील माझ्या समुपदेशन केंद्रात एका तिशीतील पत्नीने हा प्रश्न विचारला, तेव्हा तिचा पती शेजारच्याच खुर्चीत बसला होता. कायमचे घर सोडून, लॅपटॉपवर काम करीत गावोगाव राहणाऱ्या जोडप्यांपैकी जी माझ्याकडे येतात, त्यांच्या तक्रारीचा रोख बहुधा असाच असतो. या दोघांच्या संमतीने मी त्यांचा अनुभव लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

दोघांनी पुण्यातील भाड्याचे घर सोडले, गाडीत मावेल तेवढेच सामान ठेवले आणि तेव्हापासून महिना-दोन महिन्यांच्या मुक्कामाने ती राहतात. सोलापुरात तिची मावशी आहे, म्हणून हिवाळा त्यांनी जुळे सोलापूर भागात दोन खोल्या घेऊन काढायचे ठरवले होते. पतीचे काम अमेरिकेतील ग्राहकांसाठी असल्यामुळे त्याचा दिवस संध्याकाळी सुरू होऊन रात्री दोनच्या पुढे संपतो, तर पत्नी पुस्तकांच्या मांडणीची कामे दिवसा करते. परिणामी तिच्या कामाच्या वेळी तो झोपलेला असल्याने घरात आवाजही करता येत नाही आणि तो मोकळा होतो तेव्हा तिची मध्यरात्र उलटलेली असते. ज्या गावात शेजारीणही ओळखीची नाही तिथे असे पाच दिवस काढल्यानंतर शनिवारची सहल तिच्यासाठी चैन उरत नाही. आठवड्यातून एकदा नवऱ्याचा सहवास मिळण्याची ती जवळजवळ एकमेव वेळ असते. त्याच्यासाठी मात्र शनिवारची सकाळ ही आठवड्याची राहिलेली झोप भरून काढण्याची वेळ होती.

मावशीने प्रेमाने विचारले होते, ‘‘तुम्ही तर रोजच फिरता, मग सुट्टीला आणखी कुठे फिरायचं?’’ पतीलाही मनातून तसेच वाटत होते. हे मत मला मान्य नाही, आणि ते मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. दर दोन महिन्यांनी नव्या गावात गॅसची सोय पाहणे, पिण्याचे पाणी आणि दूध कुठून घ्यायचे ते शोधणे, इंटरनेट नीट चालते की नाही याची धास्ती बाळगणे हा संसार पुन्हा पुन्हा मांडण्याचा कष्ट आहे. त्याची गणना फिरण्यात करून सहलीचा हक्क काढून घेणे अन्यायाचे आहे. मात्र त्याच कष्टामुळे सहलीसाठी लागणारे बळही कमी उरते, ही गोष्ट पत्नीच्या लक्षात आलेली नव्हती.

शेवटचे भांडण कसे झाले ते मी दोघांना स्वतंत्रपणे, तासातासाच्या क्रमाने सांगायला लावले. डिसेंबरअखेरच्या एका शनिवारी अकराच्या सुमारास तिने नळदुर्गला जायचे सुचवले आणि तो काही न बोलता उठून गाडीची किल्ली घेऊन निघाला. हैदराबाद महामार्गावर सोलापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर हा किल्ला आहे. बोरी नदीवरील बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल पाहण्यासारखा आहेच, पण तिच्या मनात होते ते नर-मादी धबधबे, आणि ते पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला तरच दिसतात. डिसेंबरात तिथे पाणी पडत नव्हते. ती हिरमुसली, तो म्हणाला, ‘‘निघण्याआधी एकदा बघायला काय झालं होतं?’’ परतीच्या वाटेवर कोणी कोणाशी बोलले नाही. तिच्या कथनात हा दिवस ‘त्याने माझा आनंद नासवला’ असा होता. त्याच्या कथनात मात्र किल्ल्याचा उल्लेख जेमतेम एका वाक्याचा होता. बाकी सारे साडेतीन तासांच्या झोपेवर गाडी चालवण्याविषयी आणि तुळजापूरच्या फाट्याजवळ क्षणभर डोळा लागल्याविषयी होते, आणि ते त्याने तिला तोवर सांगितलेलेच नव्हते.

इथे मी नात्याचा विषय बाजूला ठेवून आधी गाडीविषयी बोलले. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामातील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी घसरते, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. आपल्या कायद्याने वाहनचालकासाठी घातलेली मर्यादा तर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. तो सलग सतरा तास जागा नव्हता हे खरे, पण आठवडाभर झोप तुटत गेली की तिचाही परिणाम साचत जातो. म्हणून पुरेशी झोप झाल्याशिवाय त्याने गाडीला हात लावायचा नाही, ही एकच अट मी चर्चेला न ठेवता घातली.

त्यानंतर तिच्या मूळ प्रश्नाकडे वळता आले. पतीपत्नींनी मिळून काही नवे, उत्साहाचे केले तर नात्याविषयीचे समाधान वाढते, हे आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रयोगांतून दाखवले आहे. तेव्हा सहलीचा तिचा आग्रह हा हट्ट नव्हता. पण कामाचा शीण कशाने उतरतो याचा अभ्यास करताना सबिने सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ साली ज्या चार गोष्टी मांडल्या, त्यांत कामापासून मनाने दूर होणे, विसावा आणि काही नवे आत्मसात करणे यांच्याबरोबर मोकळ्या वेळावर स्वतःचे नियंत्रण असणे हीही एक आहे. अचानक निघण्यातील सगळा मोकळेपणा सुचवणाऱ्याच्या वाट्याला येतो. दुसऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उरते, आणि ‘नाही’ म्हटल्यावर जर प्रेमाचीच परीक्षा सुरू होणार असेल तर तेही उरत नाही. तो ‘हो’ म्हणत होता तो दबावाखाली. आणि तसा मिळालेला होकार तिलाही दिवसभर टोचत राहत होता.

बऱ्याच बोलण्यानंतर आम्ही अशी वाट काढली की जायचे की नाही हे शुक्रवारी, त्याचे काम सुरू होण्याआधी, संध्याकाळच्या चहाला ठरवायचे आणि कुठे जायचे हे मात्र शनिवारी त्याची झोप झाल्यावर, मनात येईल तसे. ‘ठरवून गेलं की त्यात मजा काय?’ असा तिचा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. तिच्या स्वभावातील उत्स्फूर्तता हीच तर त्याला लग्नाआधी आवडलेली गोष्ट होती. म्हणून ठिकाण मुद्दाम मोकळे ठेवले. जो ठिकाण सुचवील त्याने तिथे या ऋतूत काय पाहायला मिळते, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का आणि जेवणाची सोय काय, एवढे फोनवर विचारून घ्यायचे. आणि घरी परतण्याची वेळ निघतानाच बोलून ठेवायची. शुक्रवारी आलेल्या नकारावर शनिवारी पुन्हा चर्चा करायची नाही, हेही ठरले.

याहून अवघड भाग वेगळाच होता. घर, जुन्या मैत्रिणी, कार्यालयातील माणसे हे सारे मागे टाकल्यामुळे तिच्या बोलण्याचालण्याच्या सगळ्या गरजा एकाच माणसाकडून भागाव्यात अशी स्थिती आली होती, आणि तो माणूस आधीच दमलेला होता. त्याच्याशिवाय बाहेर पडणे तिला नाते तुटल्यासारखे वाटत होते. मी तिला पहिला प्रयोग सोपा दिला: एका शनिवारी त्याला झोपू द्यावे आणि सकाळच्या एसटीने एकटीने अक्कलकोटला जाऊन यावे. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर, बस वरचेवर, आणि भाविकांची वर्दळ असल्याने एकट्या बाईला संकोच वाटत नाही. ती दुपारी परतली तेव्हा त्याने भात-आमटी करून ठेवली होती आणि तिच्याकडे सांगण्यासारखे खूप होते. पुढे संक्रांतीला ती मावशीबरोबर सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावर भरणारी ‘गड्डा’ ही जत्रा पाहून आली; तो रात्री सुट्टी काढून त्यांना जाऊन मिळाला, आणि तेही कोणी न सांगता.

त्यानंतरच्या एका शनिवारी दोघे भीमा-सीना संगमावरील कुडलला गेली. शके ९४० मधील, म्हणजे इसवी सन १०१८ मधील, मराठी शिलालेख तिथल्या संगमेश्वर मंदिरात आहे. ठिकाण त्याने सुचवले होते. तिने मला सांगितले की जायच्या ठिकाणापेक्षा त्याने आपणहून नाव घेतले याचेच तिला अप्रूप वाटले.

अशीच तक्रार असलेल्या इतर जोडप्यांना मी एक गोष्ट आवर्जून विचारते: नकार फक्त सहलीला येतो की सगळ्यालाच? जेवण, गप्पा, आवडीचे छंद, जवळीक यांतील कशातच जोडीदाराला दोन आठवड्यांहून अधिक काळ रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर तो प्रश्न शनिवारचा नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास विलंब करू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते, आणि गाव सतत बदलणाऱ्यांना ती विशेष सोयीची आहे. या पतीच्या बाबतीत तशी लक्षणे नव्हती. पाच-सहा शनिवार नीट झोप मिळाल्यावर त्याचे बोलणेच बदलले.

सारेच सुटले असे नाही. किती वर्षे असे राहायचे, मूल झाल्यावर काय, हे प्रश्न दोघांत आहेत आणि त्यांवर दोघांची उत्तरे आज जुळत नाहीत. पुढचा मुक्काम विजापूरला ठरला तेव्हा गोलघुमट पहिल्याच दिवशी पाहण्याची घाई तिलाच होती. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा अधिक जागता राहतो, हे ब्राउन विद्यापीठातील संशोधकांना २०१६ साली आढळले होते, आणि ते मी दोघांना मागेच सांगितलेले होते. त्यामुळे तिथला पहिला शनिवार सामान लावण्यासाठी आणि झोपेसाठी राखायचा, असे या वेळी तिनेच ठरवले; गोलघुमट त्याच्या पुढच्या आठवड्यात, दोघांनी शुक्रवारी ‘हो’ म्हटले तर.