आधी नाव विचार

प्रिय बाई,

तिसरीतली पोर, तिरुपतीला केस देऊन आलेली, अंगात थोरल्या भावाचा उतरलेला शर्ट. तू म्हणालीस, "ए, तू इकडे कुठे बसलास? मुलांच्या रांगेत जा." वर्ग हसला. आणि ती मुकाट्याने दप्तर उचलून खरंच मुलांच्या रांगेत जाऊन बसली. हे तू पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंस. मला तेच जास्त लागलं. "बाई, मी मुलगी आहे" एवढंही तिला म्हणवलं नाही.

वर्गासमोर माफी मागू का, असं विचारतेस. अजिबात नको. सगळे पुन्हा तिच्या डोक्याकडे बघतील. मधल्या सुट्टीत तिला एकटीला "चुकलं माझं" म्हण आणि विषय संपव. तुझं मन हलकं करणं हे तिचं काम नाही.

मुख्याध्यापक म्हणतात, केस येईपर्यंत कानात काहीतरी घालून पाठवा असं आईला सांगा. कमाल आहे! ओळखायला चुकली बाई आणि कान टोचायचे पोरीने?

आधी नाव विचार. पहिल्या दिवशी, रांगा लावायच्या आधी. किरण किंवा शीतल असं नाव आलं आणि कळलं नाही, तरी काही बिघडत नाही. "किरण, फळ्याजवळ ये" म्हणायला ना 'रे' लागतो, ना 'गं'. केरळात बालुश्शेरीच्या सरकारी शाळेत २०२१ मध्ये अकरावीच्या मुलामुलींना सारखीच पँट-शर्ट दिली, तर केवढा गदारोळ झाला. कपडे सारखे करा नाहीतर वेगळे. नाव विचारायचं राहिलं तर घोळ व्हायचाच.

जूनचा पहिला आठवडा मी नावांतच घालवते, पाठ मागे पडतात, अशी माझ्याबद्दल कुरकुर असायची. पडायचेच. दिवाळीपर्यंत भरून काढायचे मी. गणित थोडं राहायचं, ते कबूल. पण माझ्या वर्गात मूल बोलायचं. खंत एवढीच की शेजारच्या वर्गातल्या बाईंना हे शांतपणे पटवून द्यायला मी कधी बसले नाही. तावातावाने बोलायचे आणि चहा टाकून उठायचे.

"तिला मुलगाच व्हायचं असेल तर?" हे काय नवीन? केस देवाला दिलेत गं तिने! उगाच अर्थ काढत बसू नकोस. उद्या एखादं मूल खरंच तसं सांगेल, तेव्हा ते सांगेल तसं ऐक. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात मान्य केलाय. तिथेही आपण ठरवायचं नाही, विचारायचं.

सोमवारी त्या रांगाच मोड. आणि तिचं नाव काय गं? चार पानी पत्रात तू ते कुठेच लिहिलेलं नाहीस.

तुझी,
जुन्या शाळेतली बाई