माइकआधी खोली बघा

महागडा माइक घ्यायची घाई करू नका; पॉडकास्टचे पहिले दोन-चार भाग फोनवरही उत्तम होतात. आवाज बिघडतो तो खोलीमुळे. उघड्या भिंती-फरशीवरून परतणारा घुमारा नंतर एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा, त्याच्याकडे तोंड करून बसा, खाली सतरंजी, पाठीमागे जाड गोधडी. पंखा बंदच.

माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा झोत आदळून धप्प वाजतं. ‘भाऊ, फार भूक लागली’ असं म्हणा आणि हेडफोनवर ऐका, लगेच कळेल. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये ठेवा. शून्याला टेकलेला आवाज फाटतो.

बोलण्याआधी १० सेकंद गप्प राहून खोलीची शांतता टिपून ठेवा. ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करायला हाच नमुना लागतो, कापलेल्या जागा भरायलाही. गोंगाट जास्त कापलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शेवटी लाउडनेस, म्हणजे कानाला एकूण जाणवणारा मोठेपणा, उणे १६ एलयूएफएसच्या (तो मोजायचं एकक) आसपास आणा.

आणि हो, दारावरच्या भाजीवालीची आरोळी वेगळी रेकॉर्ड करून निवेदनाखाली हळू लावून बघाच. ऑडिओची खरी मजा तिथे आहे!